अर्धं राहिलेलं पुस्तक

(दिवाळीच्या सुट्टीत, २०२५, धर्मापुरीत झालेल्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलताना वेळेअभावी राहून गेलेला थोडा मजकूर इथे घातला आहे.)



समितीनं मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरमधली आहेस, तर भविष्यावर पंधरा मिनिटं बोल." कारणही सांगितलं. आज संध्याकाळी आपण शाळेच्या आवारात एक पेटी पुरणार आहोत. ती पंचवीस वर्षांनी, म्हणजे २०५० साली उघडायची. त्यामुळे कुणीतरी भविष्यावर बोललंच पाहिजे. मी हो म्हटलं आणि मग घाबरले. पुढच्या तिमाहीत माझ्या टीमचं काय होणार हे मला सांगता येत नाही, तर २०५० चं काय सांगणार? म्हणून मी भविष्यावर बोलणार नाही. एका पुस्तकावर बोलणार आहे. ते पुस्तक आपल्या शाळेचं आहे आणि आत्ता माझ्या या पिशवीत आहे. ते माझ्या पिशवीत का आहे, हेही सांगणार आहे. तेच सांगायला मी पुण्याहून आले आहे.

आपण सगळे धर्मापुरीचे किंवा आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरचे. जुन्या काळातून आलेला निरोप म्हणजे काय, हे आपल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. केदारेश्वराचं मंदिर कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं. बाहेरच्या भिंतीवरच्या मूर्ती बघत आपण मोठे झालो, त्यांच्या सावलीत डबे खाल्ले. किल्ल्याच्या भिंतीत तर जुन्या मंदिरांचे कोरीव दगड बसवलेले आहेत. कुठं वेलबुट्टी, कुठं अर्धीच मूर्ती, आणि तीही आडवी. ज्यानं तो दगड कोरला त्याला कुठं माहीत होतं की पुढं आपलं काम तटाच्या भिंतीत आडवं बसेल? आपल्याला इतिहास शिकवणारे सर एकदा म्हणाले होते, "दगड बोलतो, पण त्याची भाषा येणारा माणूस समोर असला तर." मराठवाड्यातले चालुक्यांच्या वेळचे पुष्कळ शिलालेख कानडीत आहेत. आपल्या आजोबा-पणजोबांनी त्या अक्षरांवरून नुसता हात फिरवला. निरोप होता. वाचणारा नव्हता.

आता पुस्तकाकडे येते. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या कुणाच्याच डोक्यातून जाणार नाही. आम्ही तेव्हा सातवीत होतो. गणपती विसर्जनाची रात्र होती. किल्लारी काही आपल्या शेजारचं गाव नव्हे, पण आपल्याकडेही भांडी पडली, माणसं अंगणात आली आणि पुढं कित्येक दिवस घरात झोपली नाहीत. त्यानंतर आमच्या वर्गाला एकच वेड लागलं होतं, जमिनीच्या पोटात काय आहे? विज्ञानाच्या सरांना आम्ही भंडावून सोडलं. सर आठवीच्या सुरुवातीला, जून १९९४ मध्ये, एक दिवस वाचनालयाची पत्र्याची पेटी उघडून बसले. तेव्हा आपलं वाचनालय म्हणजे ती एक पेटी आणि एक रजिस्टर. त्यातून त्यांनी एक पुस्तक काढलं आणि म्हणाले, "जमिनीतून काय निघतं ते यात वाचा." पुस्तकाचं नाव होतं 'वामन परत न आला'. लेखक जयंत नारळीकर.

नारळीकर हे नाव आम्हाला शास्त्रज्ञ म्हणून माहीत होतं. कोल्हापुरात जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले, फ्रेड हॉयल यांच्याबरोबर काम केलेले, १९७२ मध्ये देशात परत आलेले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभारणारे. असा माणूस गोष्टी लिहितो, तेही मराठीत, हे आम्हाला नवलाचं वाटलं. सरांनी एक किस्सा सांगितला होता. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा होती. नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, पण स्वतःचं नाव घातलं नाही. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून 'नारायण विनायक जगताप' असं नाव घेतलं. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. हा किस्सा लक्षात ठेवा, मला तो पुन्हा लागणार आहे.

ते पुस्तक माझ्या बाकावरच्या मैत्रिणीनं आपल्या नावावर घेतलं. तिचं नाव मी इथे घेत नाही, माइकवर घेऊ नकोस असं तिनंच सांगितलंय. ती वर्गातली सगळ्यात जोरात वाचणारी मुलगी. मधल्या सुट्टीत ती वाचायची आणि मी ऐकायची. एक पान तिचं, एक पान माझं असं ठरलं होतं, पण माझं पान आलं की तिला धीर निघायचा नाही, ती पुस्तक ओढून घ्यायची.

ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जमीन खोल खणताना एक पेटी सापडते. ती कुणी पुरली? आपल्या फार फार आधी या पृथ्वीवर एक प्रगत संस्कृती होऊन गेली, तिनं. आपल्यापेक्षाही पुढं गेलेली माणसं, आणि त्यांचा आज मागमूस नाही. उरली आहे ती ही पेटी. आपले शास्त्रज्ञ डोकं लढवून तिच्यातली माहिती उलगडतात आणि तिच्या आधारानं फार हुशार यंत्रं बनवतात. शेवटी तयार होतो एक यंत्रमानव, वामन. दिसायला लहान, पण नाव बघा. तीन पावलांत सगळं व्यापणाऱ्याचं नाव आहे ते. या वामनाला एकच गोष्ट हवी असते, आपल्यासारखे आणखी वामन. आणि हळूहळू लक्षात यायला लागतं की पेटी पुरणारी माणसं नाहीशी का झाली.

लहानपणी मला त्यातला यंत्रमानव आवडला होता. आता वाचताना दुसरंच काही जाणवतं. पेटीतलं जे उपयोगाचं, ते माणसं आधी उचलतात. पेटी पाठवणाऱ्यांचं काय झालं हे समजून घ्यायला मात्र उशीर करतात. ज्यांनी पेटी पुरली त्यांनी आपली चूक लपवली नव्हती. हजारो वर्षं पलीकडच्या, कधीही न भेटणाऱ्या माणसांना त्यांनी ती सांगितली होती. दोन काळांतली माणसं त्या एका पेटीनं जोडली गेली. पण जोडणी पूर्ण कधी होते? पुढचा माणूस शेवटपर्यंत वाचतो तेव्हा.

आम्ही शेवटपर्यंत वाचलं नाही. दिवाळी झाली. आपल्या जिल्ह्यात दिवाळी झाली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली, टोळी ठरलेली. तिचं घर उसाला निघालं. आदल्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. वामन नुकताच तयार झाला होता, तिथपर्यंत आमचं वाचन आलं होतं. पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू वाच आणि सरांना देऊन टाक. मी आल्यावर पुढचं सांग." पहाटे ट्रक गेला.

आता खरं सांगायची वेळ आली.

पुस्तक मी त्याच आठवड्यात वाचून संपवलं. शेवटच्या रात्री लाइट गेली होती, मी चिमणीच्या उजेडात वाचत होते. चिमणी कलंडली. सुरुवातीची पंधरा-वीस पानं रॉकेलनं भिजली आणि मुखपृष्ठाचा कोपरा जळाला. वडिलांची भीती, सरांची भीती. मी पुस्तक धान्याच्या कणगीमागे लपवलं. मार्चमध्ये वाचनालयाची मोजणी झाली. मी मॉनिटर, रजिस्टर लिहायचं काम माझ्याकडे. सरांनी विचारलं, "वामन कुणाकडे आहे?" रजिस्टरात तिचं नाव होतं. मी काही बोलले नाही. सर आपणहून म्हणाले, "ती उसाला गेली, बहुतेक पुस्तकही तिकडंच गेलं." आणि मी पेन उचललं आणि तिच्या नावापुढं माझ्या हातानं लिहिलं, 'पुस्तक परत न करता शाळेत गैरहजर'. ती तिथं नव्हती. तिच्या बाजूनं बोलणारं कुणी नव्हतं. पेन माझ्या हातात होतं.

नारळीकरांनी दुसरं नाव घातलं ते आपल्याला झुकतं माप मिळू नये म्हणून. मी दुसरीचं नाव पुढं केलं ते मार चुकवायला.

जूनमध्ये ती आली. मला अजून दिसते, व्हरांड्यात खांबाला टेकून उभी, हातांवर उसाच्या पात्यांचे ओरखडे. वर्गातल्या दोघा-तिघांना रजिस्टरातली ओळ माहीत होती. कुणीतरी हसत म्हणालं, "आली बघा पुस्तकचोर." तिनं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तक परत केलं असणार, असंच तिला वाटत असणार. मी खाली बघितलं. ती त्या दिवशी घरी गेली, आणि पुन्हा शाळेत आली नाही. काही दिवसांनी कळलं की तिचं लग्न झालं. आम्ही नववीत होतो.

पुढं माझं नीट झालं. १९९७ ला दहावी, मग बारावी, औरंगाबादला इंजिनिअरिंग, २००३ मध्ये पदवी आणि पुण्यात नोकरी. पुस्तक माझ्याबरोबर फिरत राहिलं, होस्टेलच्या ट्रंकेत, मग भाड्याच्या खोल्यांच्या माळ्यावर. परत करता येत नव्हतं आणि टाकूनही देता येत नव्हतं.

माझ्या कामातली एक गोष्ट सांगते, ती या पेटीच्या कामाची आहे. आम्ही बहुतेक जण नवं काही बनवत नसतो. आधी कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम सांभाळत असतो. लिहिणारा कधीच निघून गेलेला असतो. त्याचा-आमचा संबंध एवढाच, की त्यानं कोडमध्ये मधे मधे टिपा लिहून ठेवलेल्या असतात. आम्ही त्याला कॉमेंट म्हणतो. २००७ मध्ये मला एका जुन्या प्रोग्रॅममध्ये एक विचित्र ओळ सापडली. वर टीप होती, 'ही ओळ काढू नका'. कारण काही लिहिलेलं नव्हतं. मला ती ओळ निरुपयोगी वाटली. मी तपासणी केली, सगळं ठीक चाललं, ओळ काढून टाकली. २९ फेब्रुवारी २००८ ला सकाळी सहाला फोन वाजला. लीप वर्षाचा हिशेब त्या एका ओळीवर उभा होता. ज्यानं ती टीप लिहिली त्यालाही कधीतरी अशाच एका २९ फेब्रुवारीला सकाळी सहाला फोन आला असणार. पण त्यानं फक्त इशारा लिहिला. आपण कसे फसलो ते लिहिलं नाही. नुसता इशारा दिला की पुढचा माणूस तो पुसून टाकतो. झालेली चूक सांगितली तर तो थांबतो.

त्याच सुमारास एका सहकाऱ्यानं मला एक इंग्रजी कादंबरी दिली, डेव्हिड मिचेल यांची 'क्लाउड अ‍ॅटलास'. २००४ मधली. तिच्यात सहा गोष्टी आहेत, सहा वेगवेगळ्या काळांतल्या. एक एकोणिसाव्या शतकातली, जहाजावरची. शेवटची तर आपली आजची संस्कृती बुडाल्यानंतरची. प्रत्येक काळातल्या माणसाच्या हाती आधीच्या काळातल्या माणसाचं काहीतरी लागतं, रोजनिशी, पत्रं, चित्रपट. गंमत म्हणजे पहिली रोजनिशी वाक्याच्या मधेच तुटते. दुसऱ्या गोष्टीतल्या संगीतकाराला ते फाटलेलं पुस्तक सापडतं आणि पुढचं कळत नाही म्हणून तो अस्वस्थ होतो. उरलेला भाग त्याला पुष्कळ पुढं मिळतो, डगमगणाऱ्या पलंगाच्या पायाखाली टेकू म्हणून घातलेला. लोकांनी त्या कादंबरीचं मोठं कौतुक केलं, काळ आणि जग कसं एकमेकांत गुंफलंय म्हणून. मी मात्र त्या पलंगाच्या पायाशी अडकले. माझ्या माळ्यावर कुणाचं तरी अर्धं पुस्तक पडून होतं.

तरी मी काही केलं नाही. हे खरं आहे. आणखी सतरा वर्षं काही केलं नाही.

यंदा २० मे ला सकाळी बातमी आली की पुण्यात नारळीकर गेले. त्या दिवशी खूप लोकांनी त्यांच्या आठवणी लिहिल्या. मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, सही नको, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि खरंच उत्तरं द्यायचे. हे वाचलं आणि मी माळ्यावरून पुस्तक काढलं. आत आपल्या शाळेचा गोल शिक्का, दाखल क्रमांक. रॉकेलचा वास गेला होता, डाग होता.

तिचा नंबर मिळवायला फार दिवस लागले नाहीत. लागले असते तर मला बरं वाटलं असतं, इतकी वर्षं का गेली त्याला काही कारण तरी मिळालं असतं. स्टँडवर दुकान असलेल्या आपल्या वर्गमित्रानं दोन दिवसांत काढून दिला. मी फोन केला. नाव सांगितलं.

"अगं बया! काय करायलीस? कुठं असतीस?"

अर्धा तास इकडचं तिकडचं बोललो. तिला दोन मुलं, एक मुलगी. मुलगी कॉलेजात आहे. मग मी पुस्तकाचं सांगितलं. चिमणी, कणगी, रजिस्टर, सगळं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, "त्या पुस्तकापायी नाही सुटली गं शाळा. लगीन उन्हाळ्यातच ठरलं होतं माझं."

हे खरं होतं, की तिनं मला मोकळं केलं, मला माहीत नाही. मी विचारलंही नाही.

मग तिनंच विचारलं, "पण त्या वामनाचं पुढं काय झालं?"

एकतीस वर्षांनी. तिला पेटी आठवत होती, शास्त्रज्ञ आठवत होते, आम्ही कुठल्या प्रसंगाला थांबलो तेही आठवत होतं. आणि ऐका, तिनं तिकडं कारखान्यावर, कोपीत, आपल्या मुलांना ती अर्धी गोष्ट सांगितली होती. शेवट माहीत नव्हता म्हणून स्वतः लावला होता. तिचा वामन काय करतो? ऊस तोडतो. एका रात्रीत सगळा फड मोकळा करतो, मोळ्या बांधतो, गाडीही भरून ठेवतो. मुलं खूश. पण एकदा धाकट्यानं विचारलं, "आई, समदा ऊस वामनानंच तोडल्यावर आपल्याला उचल कोण देणार?" ती म्हणाली, "तिथं माझी गोष्ट अडली बघ. पुढं काय सांगावं कळंना. आणि आता खरंच हार्वेस्टर आलंय फडात. वामनच की तो."

मित्रांनो, मी रोज ज्या क्षेत्रात काम करते तिथं सध्या याच प्रश्नावर बैठकांवर बैठका चालू आहेत. आता यंत्र आम्हाला कोड लिहून देतं, आणि चांगला देतं. नव्या मुलांना आम्ही काय काम देणार, यावर मोठमोठे अहवाल येतात. तो प्रश्न एका कोपीतल्या पोरानं आधीच विचारला होता, अर्ध्या गोष्टीच्या जोरावर. मी पूर्ण पुस्तक वाचून तो मला पडला नव्हता.

तिला मी शेवट सांगितला. तुम्हाला सांगत नाही. पुस्तक आज शाळेला परत करते आहे, वाचून घ्या.

आता पेटीविषयी दोन शब्द, म्हणजे समितीनं दिलेला विषय पूर्ण होईल.

पेट्या पुष्कळांनी पाठवल्या आहेत. १९७३ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्यात सरकारनं एक कालपात्र पुरलं. स्वातंत्र्यानंतरच्या पंचवीस वर्षांचा इतिहास त्यात होता. तो आपल्या सोयीनं लिहिलाय असा आरोप झाला, आणि सरकार बदलल्यावर ते पुन्हा खणून काढलं. चार-पाच वर्षंही टिकलं नाही. दुसरी पेटी १९७७ मधली, व्हॉयेजर यानांवरची सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी. तिच्यात गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे. केसरबाई त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेल्या आणि त्यांचा आवाज सूर्यमालेच्या बाहेर चालला आहे. त्या तबकडीच्या आवरणावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरल्या आहेत. ऐकणारा कोण असेल हे माहीत नाही, तरी त्याला कळावं म्हणून एवढी काळजी घेतली आहे.

आपल्या पेटीत काय जाणार त्याची यादी मी पाहिली. आपला फोटो, शिक्षकांचे संदेश, आजचं वर्तमानपत्र, एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हचं मी माझ्या धंद्याच्या अनुभवावरून सांगते, २०५० मध्ये तो वाचता येईलच अशी खात्री धरू नका. कागद घाला, चांगल्या शाईनं लिहा. आणि वर्गाची यादी आहे, दहावी, मार्च १९९७, आपल्या तुकडीची. आजच्या मेळाव्याचं निमंत्रणही त्याच यादीवरून गेलं.

माझी विनंती त्या यादीबद्दल आहे. ती पाचवीच्या हजेरीपटावरून करूया. आपण पाचवीला किती होतो आणि दहावीला किती राहिलो, हे इथं बसलेल्या प्रत्येकाला आठवतंय. मधल्या गाळलेल्या जागा कुणाच्या होत्या, तेही आठवतंय. कुणी उसाला गेलं, कुणी गुरांमागं, कुणाचं लग्न झालं. ते नापास झाले नव्हते. २०५० मध्ये पेटी उघडणाऱ्यांना असं वाटू नये की धर्मापुरीच्या शाळेत फक्त पास होणारीच मुलं होती. गुरुजी, जुने हजेरीपट मिळाले तर उत्तम. नाही तर आपण सगळे जेवणानंतर अर्धा तास बसू. बाकाप्रमाणे आठवू, सगळी नावं निघतील.

तिला मी विचारलं, तुझं नाव घालू का? ती म्हणाली, "माझं कशाला? मी कुठं पास झाले?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "घाल. पण माहेरचं लिही. शाळेत तेच होतं." तिला आज यायचं होतं. सप्टेंबरच्या पावसानं तिच्या रानातलं सोयाबीन गेलं, त्यामुळे उचल यंदा जरा मोठी आहे. भाऊबीज झाली आणि टोळी निघाली. आपण इथं दिवाळीच्या सुट्टीत भेटतो तेव्हा तिच्या हंगामाची सुरुवात असते. पुढचा मेळावा मे महिन्यात घेता येईल का, एवढं समितीनं बघावं. ऊन असेल, पण माणसं असतील.

आता माझं शेवटचं काम. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून पाय लटपटतायत. हे तुमचं पुस्तक. सुरुवातीची पानं खराब आहेत, वाचता येतात. सोबत त्याची एक नवी प्रतही आणली आहे, पण परत करायची होती ती हीच. १९९४-९५ चं रजिस्टर आता शाळेत सापडत नाही असं मला सांगण्यात आलं. म्हणजे माझ्या हातची ती ओळ खोडायला जागा राहिलेली नाही. म्हणून संपादकांना विनंती करते की स्मरणिकेत माझ्या भाषणाचं बाकी काहीही कापा, पण पुढची ओळ छापा. आणि स्मरणिकेची एक प्रत पेटीत जाईल तेव्हा ती ओळही जाईल.

दुरुस्ती : सन १९९४-९५, 'वामन परत न आला'. हे पुस्तक जिच्या नावावर होतं तिनं ते वेळेवर दिलं होतं. ते माझ्याकडे राहिलं.

एकतीस वर्षांचा दंड किती होतो ते सरांनी सांगावं. रोख भरते.